सव्वा इंची कॅन्युला आणि वरची चादर : क्लेटन लॉकेट प्रकरण

२९ एप्रिल २०१४. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, मॅकअलेस्टरच्या तुरुंगात, क्लेटन लॉकेट या ३८ वर्षांच्या कैद्याला इंजेक्शनने देहदंड द्यायचा होता. संध्याकाळी ६ वाजून २३ मिनिटांनी पहिलं औषध सोडलं गेलं आणि ७ वाजून ६ मिनिटांनी त्याचा मृत्यू झाला. मधल्या ४३ मिनिटांपैकी शेवटची दहा मिनिटं तर अशी होती, की अंमलबजावणी थांबवल्याचं जाहीर झालं होतं आणि माणूस टेबलावर पट्ट्यांनी बांधलेलाच होता.

या प्रकरणाची चर्चा निघाली की बोट बहुतेक वेळा औषधावर ठेवलं जातं. औषधात दोष होताच, त्याकडे पुढे येऊ. पण सगळ्यात आधी बिघडली ती सलाईनची लाइन. ती बिघडली आहे हे सुमारे पाव तास कोणालाही दिसलं नाही, कारण ती लाइन चादरीखाली झाकलेली होती. वैद्यकातली हत्यारं उचलायची आणि ती हत्यारं सुरक्षित ठेवणाऱ्या सवयी मात्र मागे ठेवायच्या, असं केलं की काय होतं हे या चादरीएवढं स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही.

लॉकेटचा गुन्हा क्रूर होता, हे सुरुवातीलाच सांगायला हवं. १९९९ मध्ये त्याने एका १९ वर्षांच्या मुलीवर गोळ्या झाडल्या आणि तिला जिवंत पुरायला लावलं. त्याच्या अपराधाबद्दल शंका नव्हती. इथे प्रश्न अंमलबजावणीचा आहे.

तीन औषधं कुठून आली

इंजेक्शनने देहदंड देण्याची पद्धत ओक्लाहोमातच १९७७ मध्ये कायद्यात आली. राज्याचे तेव्हाचे मुख्य न्यायवैद्यक अधिकारी जे चॅपमन यांनी तिचा आराखडा सुचवला. पुढे तीन औषधांचा क्रम रूढ झाला: आधी गुंगीसाठी सोडियम थायोपेंटल, मग स्नायू लुळे पाडणारं औषध, शेवटी हृदय थांबवणारं पोटॅशियम क्लोराइड. प्रत्यक्षात पहिला प्रयोग टेक्सासमध्ये ७ डिसेंबर १९८२ रोजी चार्ल्स ब्रुक्स याच्यावर झाला.

या साखळीची सगळी भिस्त पहिल्या औषधावर आहे. गाढ भूल नसेल तर दुसऱ्या औषधाने शुद्धीवरच्या माणसाचा श्वास कोंडतो, आणि शिरेतून जाणारं तीव्र पोटॅशियम आगीसारखं जाळतं. शिवाय दुसरं औषध चेहरा, हात, आवाज सगळं बंद करतं. म्हणजे वेदना होत असली तरी बाहेरून दिसतो तो शांत चेहरा. शस्त्रक्रियेत स्नायू सैल करणारं औषध देतात कारण सर्जनला पोट उघडायचं असतं. भूलतज्ज्ञ डोक्याशी बसून असतो आणि तो रुग्णाचा श्वास मशीनवर चालवतो. मृत्युकक्षात या औषधाचं एकच काम उरतं: काचेपलीकडच्या साक्षीदारांना हालचाल दिसू नये.

२०११ च्या जानेवारीत होस्पिरा या कंपनीने थायोपेंटल बनवणंच बंद केलं. त्याच वर्षी पेंटोबार्बिटल हे गुंगीचं दुसरं औषध बनवणाऱ्या लुंडबेक कंपनीने आपलं औषध तुरुंगांकडे जाऊ नये म्हणून वितरणावर बंधनं घातली, आणि डिसेंबरमध्ये युरोपीय संघाने अशा औषधांच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं. राज्यांनी मग जे मिळेल ते घ्यायला सुरुवात केली आणि पुरवठादारांची नावं कायद्याने गुप्त ठेवली. ओक्लाहोमाचा तसा कायदा २०११ चाच. लॉकेट आणि त्याच रात्री दोन तासांनी ज्याचा नंबर होता तो चार्ल्स वॉर्नर, या दोघांनी या गुप्ततेलाच न्यायालयात आव्हान दिलं होतं. ते टिकलं नाही. पहिल्या, गुंगीच्या औषधाच्या जागी राज्याने ठरवलं मिडाझोलाम, १०० मिलिग्रॅम. ओक्लाहोमात ते याआधी कधी वापरलेलं नव्हतं.

एक्कावन्न मिनिटं

त्या दिवशी पहाटे लॉकेटने कोठडीतून बाहेर यायला नकार दिला. विजेचा झटका देणारी बंदूक वापरून त्याला काबूत आणलं गेलं. त्याने स्वतःच्या हातांवर कापून घेतलं होतं. जखमांना टाके लागले नाहीत. दिवसभर तो खाल्ल्याशिवाय होता. कोणत्याही वॉर्डातली अनुभवी सिस्टर सांगेल, की घाबरलेल्या, पाणी न प्यायलेल्या माणसाच्या शिरा आखडतात, मिळत नाहीत.

५ वाजून २७ मिनिटांनी पॅरामेडिकने सुई हातात घेतली. सोबत एक डॉक्टर होता, ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी आलेला. आपलं काम शुद्ध तपासणं आणि मृत्यू घोषित करणं एवढंच आहे, अशी त्याची समजूत होती.

डाव्या हातात प्रयत्न झाले. एकदा कॅन्युलात, म्हणजे सुईवरून शिरेत सरकवायच्या बारीक नळीत, रक्त दिसलं, म्हणजे शीर सापडली होती, पण चिकटपट्टी हाताशी नव्हती. ती येईपर्यंत कॅन्युला हलली आणि शीर गेली. ट्रे लावताना चिकटपट्टीचे तुकडे आधी कापून ट्रेच्या कडेला लावून ठेवायचे, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात. मग उजव्या हाताची दंडातली शीर पाहिली. मग डॉक्टरने मानेतली शीर पाहिली, गळपट्टीच्या हाडाखालची पाहिली. पॅरामेडिकने पायाच्या पंज्यावर टोचून पाहिलं. एकही लाइन उभी राहिली नाही. नियमावलीत दोन लाइन लागणार होत्या, दोन्ही हातांत एकेक. शेवटी डॉक्टर उजव्या जांघेतल्या शिरेकडे, फिमोरल व्हेनकडे वळला.

इथे थोडं थांबून नीट पाहायला हवं. जांघेतली ही शीर वरवर नसते. त्वचा, चरबी आणि आवरण पार करून ती काही सेंटिमीटर आत असते आणि तिच्या शेजारी, बाहेरच्या अंगाला, तेवढीच मोठी धमनी असते. रुग्णालयात तिथे लाइन लावतात तेव्हा सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर पाहून लांब सुई आत घालतात, सुईतून तार सरकवतात, तारेवरून पंधरा-वीस सेंटिमीटरची नळी शिरेत खोलवर नेतात आणि ती त्वचेला टाक्याने बांधतात. नळीचा मोठा भाग शिरेत असतो, म्हणून माणूस हलला तरी ती निसटत नाही.

मॅकअलेस्टरच्या खोलीत यातलं काहीच नव्हतं. डॉक्टरने लांब सुई मागितली, ती नव्हती. जी होती ती १४ गेजची, सव्वा इंच लांब कॅन्युला: हाताच्या शिरेसाठी बनवलेली. सव्वा इंच म्हणजे जेमतेम ३.२ सेंटिमीटर. सुई तिरकी घातली की त्यातला बहुतेक भाग त्वचेपासून शिरेच्या भिंतीपर्यंत पोहोचण्यातच संपतो. आत गेलंच तर टोक, आणि ते टोक मांडीच्या किंचित हालचालीनेही बाहेर सरकतं. ६ वाजून १८ मिनिटांनी ही एकच लाइन 'तयार' झाली. मग त्या भागावर, लाज राखावी म्हणून, चादर ओढली गेली.

लाज राखण्याचा हेतू चांगलाच होता, यात शंका नाही. पण झाकली गेली ती त्या खोलीतली एकमेव गोष्ट, जिच्यावर सतत कोणाचा तरी डोळा असायला हवा होता.

सहा तेवीस ते सात सहा

औषधं सोडणारी माणसं भिंतीपलीकडच्या खोलीत होती. नळी भिंतीतल्या भोकातून येत होती. त्यांची ओळख लपवायची म्हणून ही रचना. तिची किंमत अशी, की पिस्टन दाबणाऱ्याला टोचलेली जागा दिसत नाही. वॉर्डात शिरेतून औषध देताना एक हात सिरिंजवर आणि नजर शिरेवर असते. औषध जड जायला लागलं, त्वचा फुगली, गार लागली की सिस्टर थांबते. आणि त्याआधीच रुग्ण म्हणतो, "जळजळतंय." लाइन बाहेर गेल्याची सर्वांत पहिली खूण बहुतेक वेळा हीच असते.

६.२३ ला मिडाझोलाम सुरू झालं. ६.३० ला तपासलं तेव्हा लॉकेट शुद्धीवर होता. १०० मिलिग्रॅम मिडाझोलाम शिरेत गेलेलं असताना सात मिनिटांनी माणूस डोळे उघडून असेल, तर पहिला संशय लाइनवरच यायला हवा. चादर उचलायला एक क्षण लागला असता. कोणी उचलली नाही. ६.३३ ला पुन्हा तपासून तो बेशुद्ध असल्याचं डॉक्टरने सांगितलं आणि दुसरं औषध, मग तिसरं, सोडायला सुरुवात झाली.

थोड्याच मिनिटांत लॉकेट हलू लागला. डोकं उचलायचा प्रयत्न केला, पट्ट्यांविरुद्ध अंग ताणलं, पुटपुटला. काहीतरी चुकतंय, असे त्याचे शब्द साक्षीदारांनी ऐकले. वॉर्डातला रुग्ण "जळजळतंय" म्हणतो, तीच ही सूचना. फक्त ती ऐकून थांबायचं असतं, असा नियम त्या खोलीत नव्हता. तेव्हा कुठे चादर उचलली गेली. जांघेत सूज होती: गोल्फच्या चेंडूहून मोठी, टेनिसच्या चेंडूहून लहान. गोल्फच्या चेंडूत साधारण ४० मिलिलीटर द्रव मावतो. मिडाझोलामच्या पाच मिलिग्रॅमला एक मिलिलीटर या नेहमीच्या बाटलीतून १०० मिलिग्रॅम म्हणजे २० मिलिलीटर. सुजेचा आकार पाहिला, की शिरेऐवजी ऊतींत किती गेलं असेल याचा अंदाज येतो.

६.४२ ला पडदे खाली ओढले गेले. डॉक्टरने दुसऱ्या जांघेत नवी लाइन लावायचा प्रयत्न केला, सुई धमनीत गेली आणि रक्त उडालं. तुरुंग विभागाच्या संचालकांनी विचारलं, मृत्यू येईल इतकं औषध गेलं आहे का? नाही. दुसरा डोस आहे का? नाही. ६.५६ ला अंमलबजावणी थांबवली. ७.०६ ला मृत्यू घोषित झाला. पहिल्यांदा बाहेर सांगितलं गेलं, की मृत्यू हृदयविकाराच्या झटक्याने झाला असावा. अधिकृत शवविच्छेदनात कारण नोंदलं गेलं ते इंजेक्शनने केलेला न्यायालयीन देहदंड हेच. ऊतींत साचलेलं औषध हळूहळू रक्तात ओढलं जात राहतं. सिरिंज बाजूला ठेवली तरी ते थांबत नाही.

आपल्याकडे दवाखान्यात सहज म्हणतात, "शीर फुटली." इथेही सुरुवातीला तसंच सांगितलं गेलं, दोष जणू लॉकेटच्या शिरेचा. कैद्यांच्या वकिलांनी करवून घेतलेल्या स्वतंत्र शवविच्छेदनात त्याच्या शिरा चांगल्या असल्याचं आढळलं. राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाचा अहवाल सप्टेंबर २०१४ मध्ये आला, आणि त्यातही मूळ बिघाड लाइनचाच आणि ती पाहणारं कोणी नसल्याचाच निघाला.

सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की हा बिघाड नवा नव्हता. १३ डिसेंबर २००६ रोजी फ्लोरिडात एंजल डियाझ याच्या दोन्ही हातांत कॅन्युला शिरेतून आरपार गेली होती, औषध ऊतींत गेलं, हातांवर रासायनिक भाजल्याच्या खुणा उठल्या आणि त्याला मरायला ३४ मिनिटं लागली. तिथल्या गव्हर्नरनी लगेच देहदंड स्थगित करून चौकशी लावली. सात वर्षांनी ओक्लाहोमात तोच अपघात, त्याच कारणाने.

औषधाची बाजू

आता मिडाझोलाम. अहवालात एक नोंद आहे, तिच्यावर फार कमी लिहिलं गेलं: लॉकेटच्या रक्तातलं मिडाझोलाम सर्वसाधारण माणसाला बेशुद्ध करायला पुरेसं होतं. लाइन बिघडूनही. आणि तरी तो बोलला. म्हणजे लाइन धड असती तर सगळं सुरळीत झालं असतं, असंही म्हणता येत नाही.

याचं कारण औषधाच्या स्वभावात आहे. मेंदूत गाबा नावाचं रसायन चेतापेशींना शांत करतं. मिडाझोलाम गाबाचा परिणाम वाढवतं, पण गाबाच नसेल तर ते स्वतः काही करू शकत नाही. म्हणून एका मर्यादेनंतर डोस वाढवून गुंगी तेवढ्या प्रमाणात वाढत नाही. थायोपेंटल किंवा पेंटोबार्बिटलचं तसं नाही. मोठ्या मात्रेत ती औषधं पेशींचे तेच दरवाजे थेट उघडतात आणि मेंदूचा विद्युतप्रवाह जवळपास सपाट करू शकतात. शिवाय मिडाझोलाममध्ये वेदनाशामक गुण नाही. शस्त्रक्रियेआधी घबराट कमी व्हावी म्हणून ते एक-दोन मिलिग्रॅम देतात, भूल देताना त्याच्या जोडीला वेदनेचं औषध लागतंच. गाढ झोपलेल्याला चिमटा काढला की तो जागा होतो. मिडाझोलामने झोपलेल्याच्या शिरेत पोटॅशियम सोडणं हा चिमट्याहून किती तरी मोठा आघात आहे.

डोस वाढवून काय होतं ते त्याच वर्षी २३ जुलै रोजी ॲरिझोनात दिसलं. जोसेफ वूड याला ५० मिलिग्रॅम मिडाझोलाम आणि तेवढंच हायड्रोमॉर्फोन हे तीव्र वेदनाशामक असे एकामागून एक पंधरा डोस द्यावे लागले. जवळपास दोन तास गेले.

आणि बेशुद्धीची तपासणी? नाव हाक मारणं, पापणीला स्पर्श, छातीच्या हाडावर मुठीने रगडणं. यातून माणूस झोपला आहे एवढंच कळतं, तो किती खोल गेला आहे हे कळत नाही. भूलतज्ज्ञ नाडी, रक्तदाब, श्वास, गरज पडली तर मेंदूच्या लहरी सतत पाहतो, कारण भूल उतरू शकते. इथे एकदा तपासून पुढे जायचं, आणि पुढचं औषध असं की त्यानंतर तपासण्यासारखं काही बाहेर उरत नाही. लॉकेट बोलू शकला, कारण स्नायू लुळे पाडणारं दुसरं औषध, व्हेक्युरोनियम, हेही त्याच्या ऊतींत अडकलं होतं. लाइन धड असती आणि शुद्ध तेवढीच उथळ असती, तर साक्षीदारांना एक शांत मृत्यू दिसला असता.

डॉक्टर कोणाचा

अमेरिकन मेडिकल असोसिएशनची आचारसंहिता डॉक्टरला देहदंडात भाग घ्यायला मनाई करते. शीर शोधणं, औषध ठरवणं, नाडी-श्वासावर लक्ष ठेवणं, मृत्यू घोषित करणं, सगळं त्यात आलं. दुसऱ्या कोणी मृत्यू घोषित केल्यावर प्रमाणपत्र देता येतं. कैद्याने स्वतः मागितलं तर आधीची घबराट कमी करायला मदत करता येते. भूलतज्ज्ञांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकन मंडळाने २०१० मध्ये हेच धोरण स्वीकारलं आणि ते मोडणाऱ्याचं प्रमाणपत्र काढून घेता येईल असं सांगितलं. दुसरीकडे, काही राज्यांनी देहदंडातला सहभाग म्हणजे वैद्यकीय व्यवसाय नव्हे, असं कायद्यातच लिहून ठेवलं आहे, म्हणजे परवान्यावर कारवाई व्हायला नको.

डॉक्टरने खोलीत असावं, असं मानणाऱ्यांचा युक्तिवाद हलका नाही. कैदी मरणारच आहे. निष्णात हात असेल तर निदान हालअपेष्टा टळतील. या युक्तिवादाला लॉकेटचं प्रकरण उत्तर देतं, असं आम्हाला वाटतं. तिथे डॉक्टर होता. शीर त्यानेच शोधली, शुद्ध त्यानेच तपासली. चादर उचलून काय झालं ते पाहिल्यावर त्याच्यापुढे दोनच रस्ते होते: आणखी औषध देऊन मृत्यू पुरा करायचा, किंवा अंमलबजावणी थांबली म्हणून जीव वाचवायला लागायचं. पहिला रस्ता त्याच्या शपथेविरुद्ध आणि दुसऱ्यासाठी त्याला कोणी आदेश दिला नव्हता. ६.५६ नंतर शिक्षेची अंमलबजावणी चालू नव्हती. टेबलावर होता तो गंभीर औषधबाधा झालेला एक माणूस, आणि त्याच्या शेजारी डॉक्टर. पुनरुज्जीवनाचे प्रयत्न झाले नाहीत. नियमावलीत या दहा मिनिटांसाठी एक ओळही नव्हती.

कॅलिफोर्नियात हा पेच आठ वर्षं आधी स्पष्ट झाला होता. फेब्रुवारी २००६ मध्ये मायकेल मोरालेस याच्या देहदंडासाठी न्यायालयाच्या सांगण्यावरून दोन भूलतज्ज्ञ तयार झाले. कैदी शुद्धीवर आला तर आपल्याला पुन्हा औषध द्यावं लागेल, हे त्यांना ऐनवेळी समजलं आणि दोघांनीही माघार घेतली. नुसतं पाहत राहणारा भूलतज्ज्ञ अशी जागाच नसते. दिसल्यावर काहीतरी करावं लागतं.

पुढे काय झालं

वॉर्नरचा देहदंड त्या रात्री पुढे ढकलला गेला. राज्याने मिडाझोलाम ५०० मिलिग्रॅमवर नेलं, प्रशिक्षण वाढवलं, टोचलेली जागा झाकायची नाही असं ठरवलं. १५ जानेवारी २०१५ रोजी वॉर्नरला मारलं गेलं. नंतर उघड झालं, की त्याला पोटॅशियम क्लोराइडऐवजी पोटॅशियम ॲसिटेट दिलं होतं. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला रिचर्ड ग्लॉसिपच्या वेळी पुन्हा तेच चुकीचं औषध आलं, तेव्हा शेवटच्या घटकेला अंमलबजावणी थांबली. मधल्या काळात, २९ जून रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ग्लॉसिपच्याच खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी मिडाझोलामला मान्यता दिली आणि याहून कमी वेदनेची, उपलब्ध असलेली दुसरी पद्धत दाखवायची जबाबदारी कैद्यावरच टाकली.

शिरेचा प्रश्न मात्र आहे तिथेच आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आयडाहोत थॉमस क्रीच याच्या हातापायांवर आठ वेळा टोचूनही लाइन मिळाली नाही आणि त्याला कोठडीत परत नेलं गेलं. त्याच वर्षी राज्याने नियमावलीत भर घातली: हातापायाला शीर मिळाली नाही तर मान, छाती किंवा जांघेतून मोठ्या शिरेत लाइन लावायची. हे काम रुग्णालयात संमतीपत्रावर सही घेऊन, जागा बधिर करून, प्रशिक्षित हाताने होतं. म्हणजे सुई आणखी खोल, आणि आचारसंहिता ज्याला येऊ नको म्हणते त्या माणसाची गरज आणखी मोठी. २०२५ च्या मार्चमध्ये आयडाहोने कायदा करून गोळीबार ही देहदंडाची पहिली पद्धत ठरवली.